सरकारविरुद्ध दावा: न्यायालयाचा नियम मोठा की कायद्याचे कलम?

सातबारा · ४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी वकील नाही, पण गेले चार महिने कलमांशिवाय डोक्यात दुसरे काही नाही.

तालुक्याच्या गावी आमचे आजोबांपासूनचे घर आहे. रस्तारुंदीकरणात नगरपरिषदेने ११ जूनला कुंपणाची भिंत पाडली आणि ओसरीच्या खांबावर लाल रंगाची खूण करून गेले. नोटीस नाही, पंचनामा नाही. आमच्या वकिलांनी नगरपरिषदा अधिनियम १९६५ च्या कलम ३०४ खाली एक महिन्याची नोटीस दिली. तो महिना केव्हाच संपला. दावा तयार करताना लक्षात आले की ज्या मोजणीच्या आधारावर भिंत पाडली ती महसूल खात्याची आहे. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारलाही प्रतिवादी करावे लागणार. सरकारला मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती आम्ही दिलेलीच नाही.

आणि त्याच कलम ३०४ मध्ये म्हटले आहे की नगरपरिषदेविरुद्धचा दावा सहा महिन्यांत लावायचा. एक कायदा म्हणतो थांबा, दुसरा म्हणतो उशीर करू नका.

अमेरिकेत शिकणाऱ्या पुतण्याने सांगितले की तिकडे न्यायालयाचे नियम आणि कायदा यांत विरोध आला तर नियम वरचढ ठरतो, अगदी सरकारविरुद्धच्या दाव्यातही. आपल्याकडे तसे आहे का? मी न्यायाधीशांना विनंती केली तर ते आपल्या नियमांच्या अधिकारात ही दोन महिन्यांची अट बाजूला ठेवू शकतील का? माहीतगारांनी कृपया सांगावे. आईचे वय ८१ आहे. ती रोज त्या लाल खुणेकडे बघत बसते.

रानवाट · ४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

वाचून वाईट वाटले. कायद्यातले मला कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहिते आहे. इथल्या वकील मंडळींनी नक्की लक्ष घाला.

कलमकागद · ४ ऑक्टोबर, रात्री ११.०२

विधीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा पुतण्या म्हणतो ते खरे आहे, आणि तो खटलाही योगायोगाने बराचसा तुमच्यासारखाच आहे.

अमेरिकेत १९३४ साली त्यांच्या संसदेने एक कायदा करून सर्वोच्च न्यायालयाला संघीय न्यायालयांसाठी कार्यपद्धतीचे नियम करण्याचा अधिकार दिला. त्याच कायद्यात लिहून ठेवले की असे नियम अमलात आले की त्यांच्या विरोधात जाणारे कायदे निष्प्रभ होतील. अट एकच, या नियमांनी कुणाचा मूळ हक्क कमी करायचा नाही, वाढवायचा नाही की बदलायचा नाही. नियम १९३८ मध्ये लागू झाले.

पुढे १९९६ मध्ये हेंडरसन विरुद्ध युनायटेड स्टेट्स हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारच्या जहाजावर काम करताना एक खलाशी जखमी झाला होता. त्याने दोन वर्षांच्या मुदतीत दावा लावला. पण सरकारविरुद्धच्या सागरी दाव्यांचा १९२० चा जो कायदा होता, त्यात समन्स ताबडतोब बजावले पाहिजे असे म्हटले होते. न्यायालयाच्या नियमात मात्र समन्स बजावायला १२० दिवस होते आणि ते वाढवूनही मिळत. या खलाशाचे समन्स अॅटर्नी जनरलना ४७ दिवसांनी आणि स्थानिक सरकारी वकिलाला १४८ दिवसांनी पोहोचले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दावा काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो परत जिवंत केला. समन्स कधी बजावायचे हा कार्यपद्धतीचा प्रश्न आहे, म्हणून नियम चालेल आणि कायद्यातला 'ताबडतोब' मागे पडेल, असा निकाल.

तीन न्यायाधीशांचे वेगळे मतही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांचे म्हणणे असे की सरकार स्वतःवर दावा लावू देते ती त्याने दिलेली सवलत आहे, आणि 'ताबडतोब' ही त्या सवलतीचीच अट आहे. ती अट नियमाने कशी पुसणार?

आपल्याकडे असा सरसकट 'नियम वरचढ' कायदा माझ्या पाहण्यात नाही. पण मी विद्यार्थी आहे, जाणकार दुरुस्त करतील.

शिरस्तेदार · ५ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

दिवाणी न्यायालयात ३४ वर्षे नोकरी केली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. सातबारा, तुमच्यासारखे किती लोक फायलिंगच्या टेबलापाशी आलेले पाहिले. दावा खरा, कागद खरे, आणि नोटीस नाही म्हणून परत. ते चेहरे अजून आठवतात.

नियमाने कलम ८० बाजूला ठेवता येईल का, हा प्रश्न आपल्या मुलखात शंभर वर्षांपूर्वीच लढला गेला आहे. १९२१ मध्ये मालेगावात दंगल झाली. नंतर तिचा पैसा रहिवाशांकडून वसूल करायचा हुकूम सरकारने काढला. काही रहिवाशांनी त्याविरुद्ध दावा लावला, पण नोटिशीचे दोन महिने संपायच्या आत. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालय थोडे मऊ होते. मनाई हुकूम मागायचा असेल आणि थांबल्याने भरून न येणारे नुकसान होणार असेल तर नोटिशीवाचून दावा चालतो, असे इथे मानत. बाकीच्या काही उच्च न्यायालयांना ते मान्य नव्हते. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे त्या काळच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे गेले. १९२७ च्या भागचंद दगडुसा खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मुंबईचे मत मोडून काढले. कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, त्यात न्यायालयाने आपल्या मनाने अपवाद घालायचा नाही, हा त्याचा अर्थ.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे स्थिती अशी होती की बुलडोझर दारात उभा असला तरी दोन महिने थांबा. दार उघडले ते न्यायालयाने नाही, संसदेने. १९७६ च्या दुरुस्तीने कलम ८० ला पोटकलम २ जोडले. तातडीची गरज असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावता येतो.

ओसरी · ५ ऑक्टोबर, सकाळी ११.४५

मी दिवाणी वकिली करते. शिरस्तेदार काकांनी पाया घातला आहे, त्यावर पुढचे लिहिते. जरा लांबेल.

सातबारा, 'नियम मोठा की कायदा' या प्रश्नाला आपल्याकडे एका वाक्यात उत्तर नाही, कारण 'नियम' हा शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. आधी विचारायचे ते हे: हा नियम कुणी केला, कोणत्या कलमाच्या बळावर केला, आणि विरोध आला तर काय, याबद्दल ते कलम काय सांगते?

दिवाणी प्रक्रिया संहितेचे दोन भाग आहेत. एक, कलमांचा मुख्य भाग. दुसरा, पहिली अनुसूची, जिला आपण ऑर्डर आणि रूल म्हणतो. कलम १२१ मुळे अनुसूचीतले नियम संहितेत लिहिल्यासारखेच लागू होतात. कलम १२२ ने उच्च न्यायालयांना हे नियम बदलायचा, काढायचा, नवे घालायचा अधिकार दिला. म्हणजे संसदेने केलेल्या अनुसूचीतला नियम उच्च न्यायालय बदलू शकते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तसे बदल केलेही आहेत. पण कलम १२८ ने कुंपण घातले आहे: असा नियम मुख्य भागातल्या कलमांशी विसंगत असता कामा नये. कलम ८० मुख्य भागात आहे. त्यामुळे कलम १२२ खालचा कोणताही नियम तुमचे दोन महिने कमी करू शकत नाही. तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर हे.

आता कलम १२९ पाहा, तिथे चित्र उलटे होते. उच्च न्यायालय आपल्या मूळ दिवाणी अधिकारात जे दावे चालवते, म्हणजे अपिलात न येता थेट तिथेच लावलेले दावे, त्यांच्यासाठी ते स्वतःचे नियम करू शकते, आणि कलमाची सुरुवातच 'या संहितेत काहीही असले तरी' अशी आहे. मुंबईच्या मूळ शाखेचे १९८० चे नियम आहेत. २००२ च्या दुरुस्तीने कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवस ठरवले, तेव्हा प्रश्न आला की ही कमाल मर्यादा मूळ शाखेलाही लागू का. इरिडियम इंडिया विरुद्ध मोटोरोला या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नाही, तिथे उच्च न्यायालयाचे स्वतःचे नियम चालतील. न्यायालयाचा नियम संसदेच्या तरतुदीपुढे उभा राहिला आणि टिकला, याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण मला हेच वाटते. पण तोही टिकला तो संसदेनेच कलम १२९ मध्ये जागा ठेवली म्हणून.

आणि ती जागा संसद परतही घेते. २०१५ च्या व्यापारी न्यायालय अधिनियमाच्या कलम १६ मध्ये साफ लिहिले की उच्च न्यायालयाचा नियम किंवा राज्याची दुरुस्ती या अधिनियमाने बदललेल्या संहितेच्या विरोधात गेली, तर संहिताच चालेल. त्यामुळे व्यापारी दाव्यात कैफियतीसाठी १२० दिवस, त्यापुढे एक दिवस नाही. प्रतिवादी सरकार असले तरी तेच.

राज्यघटना तर सगळ्यांच्या वर. अनुच्छेद १४५ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे नियमसुद्धा संसदेच्या कायद्याच्या अधीन आहेत.

तुमच्या प्रकरणाबद्दल दुपारी लिहिते, कोर्टात जायचे आहे. तोवर एकच सांगते: कलम ८० ची नोटीस उद्या-परवाच्या आत गेली पाहिजे. चर्चा नंतर.

कलमकागद · ५ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

ओसरीताई, खूप आभार. घटनेबद्दल एक जोडतो, कारण वर्गात हा निकाल वाचताना मी भारावून गेलो होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नियमांत एक नियम होता की अनुच्छेद ३२ खाली दाद मागणाऱ्याकडून खर्चासाठी तारण घेता येईल. उत्तर प्रदेशच्या अबकारी आयुक्तांविरुद्ध आलेल्या अर्जदारांना त्याप्रमाणे २,५०० रुपये भरायला सांगितले. त्यांनी त्या नियमालाच आव्हान दिले. प्रेमचंद गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच नियम त्या मर्यादेत घटनाबाह्य ठरवला, कारण मूलभूत हक्कासाठी दार ठोठावणाऱ्याच्या वाटेत तो आडवा येत होता. निकाल १९६२ चा.

गोदाकाठ · ५ ऑक्टोबर, दुपारी २.१०

मला मुळातच हे पटत नाही. शेजाऱ्याने माझी भिंत पाडली तर मी दुसऱ्या दिवशी दावा लावू शकतो, आणि सरकारने पाडली तर दोन महिने हात बांधून बसायचे? जिंकलो तरी कलम ८२ प्रमाणे हुकूमनाम्यानंतर तीन महिने दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी, पुढे सरकत नाही. अपिलात स्थगिती मागताना आम्हाला तारण, सरकारला ऑर्डर २७ रूल ८-अ ने माफी. मुदतीच्या कायद्यात सरकारला स्वतःचा दावा लावायला ३० वर्षे. हे कायदे राज्य करणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीने केले होते. आता राज्य आपले आहे, मग हे अजून का?

शिरस्तेदार · ५ ऑक्टोबर, सायंकाळी ५.००

गोदाकाठ, तुमचा संताप रास्त आहे. १९५८ मध्ये विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात कलम ८० काढून टाका, असेच सुचवले होते. संसदेने ठेवले.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. तलाठ्याने काय केले ते सचिवालयाला कळायला कागद चार टेबलांवरून जावा लागतो. नोटिशीचा हेतू हा की दाव्याआधी खात्याने चूक पाहावी, सुधारावी, लोकांचा पैसा खटल्यात घालवू नये. हेतू चांगला आहे. दुखणे वेगळे आहे: नोटिशीला उत्तरच येत नाही. माझ्या नोकरीत 'नोटीस मिळाली, चूक झाली, भरपाई देतो' असे उत्तर लावलेली प्रकरणे एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच पाहिली.

२००५ च्या सेलम बार असोसिएशन निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले: नोटिशीला उत्तर द्यायला सरकारांनी अधिकारी नेमावा, आणि विनाकारण उत्तर दिले नाही किंवा टोलवाटोलवी केली तर न्यायालयाने खर्च बसवावा.

ओसरी · ५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

गोदाकाठ, तारणाच्या माफीबद्दल एक चांगली गोष्ट सांगते. लवादाच्या निवाड्याला स्थगिती मागताना पश्चिम बंगाल सरकार म्हणाले की आम्हाला रूल ८-अ ची माफी आहे, रक्कम भरणार नाही. २०१९ च्या पॅम डेव्हलपमेंट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. लवाद कायद्यात दोन्ही पक्ष समान आहेत. संहितेकडे 'लक्ष देऊन' स्थगितीचा विचार करायचा, म्हणजे तिच्यातली सरकारची वेगळी सवलत तिथे ओढून आणायची नव्हे. इथे न्यायालयाने कोणताही कायदा मोडलेला नाही. दोन कायद्यांपैकी या प्रकरणाला कोणता लागू, एवढेच पाहिले. बहुतेक वेळा खरी लढाई तिथेच असते.

अपिलाला उशीर झाला की 'फाईल फिरत होती' हे कारणही आता सहज चालत नाही. २०१२ च्या लिव्हिंग मीडिया निकालात टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ झाला नाही.

आता सातबारा, तुमचे.

तुमच्यासमोर दोन वेगळे कायदे आहेत. नगरपरिषद म्हणजे कलम ८० मधले 'सरकार' नाही, तिच्यासाठी कलम ३०४. संहितेच्या कलम ४ ने असे विशेष कायदे आपापल्या जागी राखले आहेत. राज्य सरकारसाठी कलम ८०. एक दुसऱ्याला रद्द करत नाही, दोन्ही पाळायचे. भिंत ११ जूनला पडली, सहा महिने ११ डिसेंबरला भरतात. कलम ८० ची नोटीस १० ऑक्टोबरच्या आत पोहोचली तर दोन महिने त्याच्या आत संपतात. फट अगदी थोडी आहे, पण आहे.

मुदत कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे नोटिशीचा काळ मुदतीतून वजा होतो, आणि कलम २९(२) मुळे विशेष कायद्यांच्या मुदतीलाही हे धरता येते. हा युक्तिवाद तुमच्या वकिलांनी हाताशी ठेवावा. पण त्याच्या भरवशावर ११ डिसेंबर ओलांडू नका. बचाव हातात असला तरी वार अंगावर कशाला घ्यायचा?

रानवाट · ५ ऑक्टोबर, सायंकाळी ७.१०

ताई, शिरस्तेदार काका म्हणाले ते तातडीचे दार यांना नाही का? खांबावर खूण आहे म्हणजे ओसरीही पाडणार असतील.

ओसरी · ५ ऑक्टोबर, रात्री ८.०५

आहे. पण ते दार अरुंद आहे. कलम ८०(२) खाली परवानगीचा अर्ज दाव्याबरोबरच द्यायचा. परवानगी मिळाली तरी सरकारला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालय सरकारविरुद्ध कोणताही दिलासा देत नाही, तात्पुरताही नाही. आणि तातडी पटली नाही तर दावा वादीला परत मिळतो, नोटीस देऊन पुन्हा या म्हणून. नुसती रंगाची खूण आहे, तारीख दिलेली नाही, एवढ्यावर तातडी पटवणे अवघड. उद्या पाडण्याची लेखी नोटीस आली, यंत्र दारात आले, तर त्याच दिवशी हा अर्ज करायचा. म्हणून त्याचा मसुदा आतापासून तयार ठेवा, खुणेचे फोटो तारखेसकट जपा.

उच्च न्यायालयात रिट याचिका केली तर कलम ८० लागत नाही, ते फक्त दाव्यांना आहे. पण तुमचा वाद मोजणीचा आहे, हद्द कुठे हे साक्षीपुराव्याने ठरणार. अशा वेळी उच्च न्यायालय बहुधा दिवाणी न्यायालयाकडेच पाठवते.

आणखी एक खड्डा, ज्यात पुष्कळ जण पडतात. सरकार प्रतिवादी झाले की महाराष्ट्रात दावा कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे लावता येत नाही, वरिष्ठ स्तराकडे जातो. तुमच्या तालुक्याला वरिष्ठ स्तर न्यायालय आहे का, ते आधी पाहा. शेवटच्या दोन दिवसांत चुकीच्या न्यायालयात उभे राहू नका.

शिरस्तेदार · ६ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला दहादा दुजोरा.

दुसरी एक आठवण सांगतो, कारण या धाग्याच्या विषयाला ती अगदी लागून आहे. सुटका शोधताना लोकांनी जी वाट काढली, तिचे पुढे काय झाले ते कळेल.

मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात साठच्या दशकात अशी पद्धत पडली होती की सरकारविरुद्ध कलम ८० च्या नोटिशीशिवायच दावा लावायचा आणि आधी मनाई हुकूम घ्यायचा. सरकारी वकील म्हणायचे की नोटीस नाही, दावाच चालत नाही. पण १९५८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन तात्पुरत्या हुकमाच्या टप्प्यावर तो मुद्दा बघितला जात नसे. दावा निकालाला येईपर्यंत मनाई चालू. मग दावा काढून घ्यायचा, नव्याने लावायची मुभा मागायची, आणि दरम्यान नोटीस देऊन पुन्हा सुरुवात.

यावर उपाय म्हणून राज्याने १९७० मध्ये संहितेत कलम ९-अ घातले. अधिकारितेची हरकत आली की आधी तिचा निकाल, मग मनाई अर्ज. पुढे १९७६ ची केंद्राची मोठी दुरुस्ती आली. तिच्या कलम ९७ ने राज्यांनी आणि उच्च न्यायालयांनी आधी केलेल्या विसंगत दुरुस्त्या पुसून टाकल्या. मग ९-अ चे काय, ही शंका आली, म्हणून राज्याने १९७७ मध्ये ते पुन्हा घातले.

ज्यांनी नोटीस चुकवली त्यांच्यासाठी आणलेले हे कलम पुढे सगळ्यांच्याच अंगावर आले. साधा भाऊबंदकीचा दावा असला तरी प्रतिवादी हरकत घ्यायचा, प्राथमिक मुद्दा निघायचा, त्यावर साक्षी व्हायच्या, आणि वर्षे जायची. निशाणी ५ चा मनाई अर्ज तसाच पडून. मी स्वतः अशा रोजनाम्यांवर वर्षानुवर्षे तारखा लिहिल्या आहेत. शेवटी २०१८ मध्ये राज्याने ९-अ काढून टाकले.

कलमकागद · ६ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

काका, हे कुठल्या पुस्तकात इतके सलग सापडले नव्हते. म्हणजे केंद्राचे कलम ८०, न्यायालयाचा निकाल, राज्याचे कलम ९-अ, केंद्राचे कलम ९७, पुन्हा राज्याचे कलम, अशी ही साखळी. अनुच्छेद २५४ चे प्रश्नही यातच येतात: समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याविरुद्ध टिकायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते.

हेंडरसन वाचताना वाटले होते की त्यांची पद्धत किती सोपी, नियम आला की कायदा गेला. आता वाटते की तिकडेही मूळ प्रश्न तोच आहे: ही अट कार्यपद्धतीची की हक्काची? ते तीन न्यायाधीश त्यावरच अडले होते. आपल्याकडे नोटीस द्यायची ही वरवर कार्यपद्धतीच, पण १९८४ च्या बिहारी चौधरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन महिने संपण्याआधी लावलेला दावा चालणारच नाही असे ठरवले. त्या वादीची मूळ तक्रार खरी की खोटी, इथपर्यंत प्रकरण गेलेच नाही.

गोदाकाठ · ६ ऑक्टोबर, दुपारी १.३०

शिरस्तेदार, तुमचे वाचून माझे मत थोडे बदलले. कलम ठेवायचे तर ठेवा, पण नोटिशीला उत्तर न देणाऱ्या खात्यावर खर्च बसलाच पाहिजे आणि तो त्या अधिकाऱ्याच्या पगारातून गेला पाहिजे. निकाल २००५ पासून आहे, मग न्यायालये तो रोज का वापरत नाहीत? या एका प्रश्नावर मी मागे हटणार नाही.

ओसरी · ६ ऑक्टोबर, दुपारी ३.१५

गोदाकाठ, यात आम्हा वकिलांचीही चूक आहे. खर्चाची मागणी आम्ही दाव्यात लिहितो आणि युक्तिवादाच्या वेळी सोडून देतो. 'उत्तर आले नाही' हे प्रतिज्ञापत्रावर आणून, निकाल दाखवून, आग्रहाने मागायला हवे. मी या वर्षी दोन प्रकरणांत मागितला. एकात मिळाला.

सातबारा, नोटिशीत काय हवे ते सांगते: तुमचे नाव, ओळख, राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागत असलेला दिलासा. राज्य सरकारसाठी ती त्या खात्याच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची. बारीकसारीक चूक राहिली तर पोटकलम ३ सांभाळून घेते, पण तारीख आणि दिलासा चुकवू नका. आज भिंतीची भरपाई लिहिली आणि दाव्यात ओसरीचा मनाई हुकूमही मागितला, तर सरकारी वकील तेवढ्यावर बोट ठेवतील. दोन्ही लिहा.

सातबारा · ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आमच्या वकिलांबरोबर बसून हा धागा ओळीओळीने वाचला. ते म्हणाले, नोटीस राहिली ती माझी चूक. त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, त्यामुळे मन हलके झाले.

नोटीस आज सकाळी स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन दिली. आवक शिक्का आणि सही घेतली. रजिस्टर पोस्टानेही एक प्रत पाठवली. भिंतीची भरपाई, मोजणी चुकीची असल्याचा ठराव आणि ओसरीबाबत मनाई, तिन्ही लिहिले आहे. वरिष्ठ स्तर न्यायालय आमच्या तालुक्याला नाही, शेजारच्या तालुक्याला आहे, तेही पाहून आलो. ८०(२) चा मसुदा वकिलांनी करून ठेवायचे कबूल केले.

एकच विचारायचे राहिले. दोन महिने पोस्टात टाकल्यापासून मोजायचे, की त्यांच्या हातात पडल्यापासून? आणि दोन महिने म्हणजे ६० दिवस का?

ओसरी · ७ ऑक्टोबर, रात्री ९.००

पोहोचल्यापासून. कलमातले शब्द 'दिली किंवा कार्यालयात ठेवली' असे आहेत, म्हणून तुमचा आजचा आवक शिक्का हीच सुरुवात. आणि दोन महिने म्हणजे दोन महिनेच, ६० दिवस नव्हेत. ७ डिसेंबर पूर्ण जाऊ द्या. ८ ते ११ हे चार दिवस तुमचे. ८ लाच लावा, ११ ची वाट पाहू नका.

दाव्यात 'कलम ८० ची नोटीस अमुक तारखेला अमुक कार्यालयात दिली' हे वाक्य लिहायला विसरू नका, ते कलमच मागते. कलम ३०४ च्या नोटिशीचेही तसेच वेगळे वाक्य घाला. दोन्ही पोहोचपावत्या यादीबरोबर जोडा.

शिरस्तेदार · ८ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

आवक शिक्क्याच्या दोन साक्षांकित प्रती काढा. मूळ प्रत घरी, लोखंडी पेटीत. कोर्टात मूळ प्रत दाखवायची वेळ येईपर्यंत तिला हात लावू नका. आणि ८ डिसेंबरला फायलिंगला साडेदहाच्या आत पोहोचा. दुपारनंतर टेबलावर गर्दी होते, आणि एखादी त्रुटी निघाली तर ती त्याच दिवशी दुरुस्त करायला वेळ हातात राहतो.